साक्षी नोंदवताना कंबोडियाकडे पाहावे

महोदय,

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी नोंदवण्याचा विषय निघतो. त्यासाठी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतल्या, साहित्याच्या अभ्यासकांची रीत पाहण्यासारखी आहे. कंबोडियात ताडपत्रावर अक्षरे कोरून त्यांत काजळी भरत. दमट हवेत पान जीर्ण होते, म्हणून पोथीची पुन्हा नक्कल करावी लागते. हे काम विहारांतले भिक्खू करत. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत त्यांची चीवरे उतरवली, पोथ्या नष्ट केल्या, सुमारे १७ लाख माणसे गेली. नक्कल करणारे हातच उरले नाहीत. त्यामुळे तिथे साहित्याच्या अभ्यासकाला नरसंहाराचाही इतिहास अभ्यासावा लागतो. त्याच राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगातले छळून घेतलेले कबुलीजबाब वाचताना तर फार जपावे लागते: ते छळाचा पुरावा आहेत, त्यांतल्या 'गुन्ह्यां'चा नव्हे.

आपल्याकडे महानुभावांच्या पोथ्या आणि रझाकारी काळातले कागद घरोघरी आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, गोंदाने कागद पिवळा पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते नंतर निघत नाही. गंजक्या टाचण्या काढून ४०० डीपीआयने स्कॅन करावे, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. मुलाखतीत गाव, तारीख आणि 'पाहिलेले की ऐकलेले' हे तिथल्या तिथे लिहावे. बोली सुधारू नये. १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. जिल्हा ग्रंथालयांनी हे काम दिवाळीपूर्वी हाती घ्यावे.

– पोथी-अभ्यासक, अंबाजोगाई