'शुद्ध चांदी'ची स्पीकर केबल आतून तांब्याची निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : चांदीची म्हणून विकलेली स्पीकर केबल परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची तीन मीटर लांबीची स्पीकर केबलची जोडी मी विकत घेतली. खोक्यावर ठळक अक्षरांत 'प्युअर सिल्व्हर' असे छापलेले आहे. आतल्या माहितीपत्रकातही पानोपानी चांदीचेच गुणगान आहे. काही दिवसांतच डाव्या स्पीकरकडचा बनाना प्लग (तारेच्या टोकाला लावलेली, स्पीकरमध्ये खोचायची पिन) निसटून हातात आला, म्हणून स्क्रू सैल करून तार बाहेर काढली. तार बाजूने पांढरीशुभ्र, चकचकीत. पण जिथे ती कापली होती तिथे एकूण एक बारीक तारेचे टोक लालसर. भिंग लावून पाहिले. कडेला केसाहून बारीक अशी पांढरी रेघ आणि आत सगळे तांबे.

मग माहितीपत्रक पुन्हा काढले. शेवटच्या पानाच्या तळाशी, हमीच्या अटींच्याही खाली, अगदी बारीक टाइपात लिहिले आहे : चांदीचा मुलामा दिलेले ऑक्सिजन-फ्री तांबे, मुलाम्याची जाडी 2 मायक्रॉन, एका बारीक तारेचा व्यास 0.2 मिमी, वाहकाचा छेद (तार आडवी कापल्यावर दिसणाऱ्या धातूचे क्षेत्रफळ) 1.5 चौ. मिमी. म्हणजे आत काय आहे हे आपल्याला पक्के ठाऊक होते. या आकड्यांवरून हिशेब केला तर त्या तारेत चांदी जेमतेम चार टक्के भरते. उरलेले शहाण्णव टक्के तांबे 'शुद्ध चांदी' या नावाने विकले गेले. प्लग निसटल्याबद्दल माझी तक्रार नाही, तो घट्ट करता येतो.

मी ग्राहक सेवा विभागाला ईमेल केला, त्यावर आलेले उत्तर या पत्राचे खरे कारण आहे. आपले प्रतिनिधी लिहितात की सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्यामुळे आत तांबे असले तरी काम चांदीच करते. स्किन इफेक्ट हा प्रकार खरा आहे, नाकारत नाही. वारंवारता वाढत जाते तसतसा प्रवाह वाहकाच्या बाहेरच्या भागाकडे सरकतो. पण किती सरकतो, याचेही गणित आहे. माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण 20 किलोहर्ट्झ. त्या वारंवारतेला प्रवाह पृष्ठभागापासून मुख्यतः जितका आत पसरतो ती खोली तांब्यात जवळपास 0.46 मिमी येते, म्हणजे 460 मायक्रॉन. आपला मुलामा 2 मायक्रॉनचा. बारीक तारा एकमेकींना चिकटून असल्याने सगळा जुडगा एकच जाड तार समजला तरी प्रवाह मुलाम्यापुरता राहणार नाही, तो तांब्यातूनच जाणार. आणि खालच्या सुरांना, तबल्याच्या डग्ग्याला किंवा पुरुषी आवाजाला, तर हा सारा विषयच लागू नाही. तिथे प्रवाह पूर्ण छेदातून वाहतो.

स्किन इफेक्टची खोली 2 मायक्रॉनपर्यंत खाली यायला वारंवारता सुमारे एक गिगाहर्ट्झ लागते. म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या सुराच्या पन्नास हजार पट. रेडिओ आणि मायक्रोवेव्हच्या कामात चांदीचा मुलामा म्हणूनच वापरतात, आणि तिथे तो योग्यच आहे. टेफ्लॉनचे आवरण चढवताना लागणाऱ्या उष्णतेत तांब्याचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणूनही तो देतात. आपल्याकडेही कदाचित याच कारणाने दिला असेल. तसे असेल तर सरळ तसे लिहा, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

चांदीशी माझे वैर नाही. नेहमीच्या तापमानाला सर्वांत चांगली विद्युतवाहक धातू चांदीच आहे. पण तांब्याच्या मानाने ती साधारण सहा टक्क्यांनीच पुढे आहे, आणि ही आघाडी तार थोडी जाड घेतली की संपते : 1.5 चौ. मिमी चांदीइतके काम 1.6 चौ. मिमी तांबे करते. माझी जुनी केबल साध्या तांब्याची, 4 चौ. मिमी छेदाची. तीन मीटर जाऊन-येऊन सहा मीटर होतात, त्यात तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, 0.026 ओहम. आपल्या केबलचा 0.068 च्या आसपास. ती खरोखर अस्सल चांदीची असती तरी 0.064 च्या खाली गेली नसती, म्हणजे जुन्या तांब्याच्या अडीच पट. आपल्या खोक्यावर 'तांब्यापेक्षा कमी रोध' असे लिहिले आहे. कोणत्या तांब्यापेक्षा? किती जाडीच्या? छेद सांगितल्याशिवाय या वाक्याला काडीचाही अर्थ नाही, आणि छेद आपण शेवटच्या पानाच्या तळाशी लपवला आहे.

या फरकाने गाणे बिघडले असे मात्र मी म्हणणार नाही. 8 ओहमच्या स्पीकरवर दोन्ही केबलमधला फरक डेसिबलच्या विसाव्या भागाइतका येतो, तो कुणाच्या कानाला कळायचा नाही. पण मग 'उघडा, हवेशीर उच्च सप्तक' आणि 'चांदीची झळाळी' ऐकू येते म्हणून जी जाहिरात चालली आहे, ती कशाच्या जोरावर? आवाजाची पातळी नीट जुळवून, कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता आपण कधी चाचणी घेतली असेल तर ती मला पाठवावी. मी मनापासून वाचेन.

फरक ऐकू आला नाही असे कळवल्यावर दोन उत्तरे मिळाली. एक, माझा अँप्लिफायर त्या दर्जाचा नसावा. यावर मी काही लिहीत नाही. दुसरे, केबल 'मुरायला' दोनशे तास वाजवावी लागते. रोज दोन तास गाणी ऐकणाऱ्याला यासाठी शंभर दिवस लागतील, आणि माल परत करण्याची आपली मुदत आहे चौदा दिवसांची! स्पीकरमध्ये हलणारे भाग असतात, ते वापराने थोडे सैलावतात हे समजू शकते. तारेत काय सैलावते ते आपल्या अभियंत्यांकडून लेखी कळवावे.

'चांदी कधीच खराब होत नाही' हे वाक्यही माहितीपत्रकातून काढून टाकावे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते, हे सांगायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही.

माझी केबल परत घेऊन पूर्ण रक्कम परत द्यावी. प्लग उघडला म्हणून परतावा नाकारण्याचे कारण टिकणारे नाही, कारण प्लग आपोआप निसटला होता आणि तार मी कापलेली नाही. उघड्या टोकांचे जवळून काढलेले फोटो, खोक्याचा आणि शेवटच्या पानाचा फोटो, पावती आणि ईमेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. शिवाय खोक्यावर, पुढच्याच बाजूला, 'चांदीचा मुलामा दिलेले तांबे' हे शब्द, छेद आणि प्रतिमीटर रोध छापावा. घेणाऱ्याला एवढे तीन आकडे-अक्षरे मिळाली की तो आपला निर्णय आपण घेईल, आणि मुलाम्याची केबल आवडणारेही ती खुशाल घेतील.

उत्तर लेखी हवे. फोनवर बोलणी नकोत. परतीचे पार्सल कोणत्या पत्त्यावर पाठवायचे आणि त्याचा खर्च आपण कसा देणार, तेही त्याच उत्तरात कळवावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : वर उल्लेख केलेले फोटो, पावती व ईमेलच्या प्रती