वेदना नव्हत्या, तरीही ‘पुरे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला इच्छामरणाविरुद्धचा लेख दोनदा वाचला. वेदनाशामक उपचार नीट मिळाले तर मरण कोणी मागणारच नाही, असे लेखकमहाशय ठामपणे सांगतात. माझ्या धाकट्या भावाला वेदना नव्हत्या. त्याला मोटर न्यूरॉनचा आजार होता. आधी हात गेले, मग जीभ. शेवटी डोळे तेवढे उरले. मी अक्षरांच्या तक्त्यावरून बोट फिरवायचो, हवे ते अक्षर आले की तो पापण्या मिटायचा. एका संध्याकाळी त्याने प, उकार, र, एकार असे सांगितले. ‘पुरे’. मला वाटले पाठीमागची उशी नको झाली असेल, म्हणून ती काढली. त्याने पुन्हा तीच चार अक्षरे सांगितली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोरही सांगितली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला विचारले, नळीतून पाणी किती जाते?

कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते, मान्य. पण त्याच्याशी दोन शब्द बोलायला कोणता कायदा आड येत होता? त्याला सगळे ऐकू येत होते, सगळे कळत होते.

लेखात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा दाखला आहे, तोही अर्धाच. मरणाच्या दारातल्या रुग्णाने मागितले तर डॉक्टर त्याला मरणाचे औषध लिहून देऊ शकतात, असा कायदा तिथे १९९७ पासून लागू आहे. तिथल्या सरकारी अहवालांत रुग्णांची कारणे नोंदवतात. स्वतःवरचा ताबा जाणे हे कारण वेदनेच्या कितीतरी वर असते. औषध लिहून मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतही नाहीत. माझ्या भावाला मात्र तो कायदाही उपयोगाचा नव्हता. सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असे दोन डॉक्टरांनी सांगायचे आणि औषध रुग्णाने स्वतःच घ्यायचे, अशी तिथली अट. तोवर त्याचे बोटही हलत नव्हते. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टर स्वतः इंजेक्शन देऊ शकतात. घरच्यांच्या दबावाची लेखकांना वाटणारी भीती मलाही वाटते. पण मग चर्चा अटी कशा असाव्यात यावर करा, मागणाऱ्याला ‘खचलेला’ ठरवून मोकळे होऊ नका.

आणखी एक. भाऊ गेला तेव्हा तुमच्याच अंकात चार ओळींची बातमी आली होती. मथळा होता, ‘मृत्यूशी झुंज अखेर अपयशी’. तो झुंजत नव्हता, साहेब. थांबवा म्हणून सांगत होता. निदान हा मथळा तरी वापरणे बंद करावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक