विमानातले गरम सँडविच आणि फ्रीजमधला पाव

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याहून भल्या सकाळी सुटणाऱ्या विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला नाश्त्यात गरम सँडविच मिळाले की तक्रारी ठरलेल्या: कडा वातड, खालची बाजू ओली, मधले सारण गार. बोलणी खातात ती ट्रॉली ढकलणारी मुले-मुली. त्यांच्या हातात ओव्हनचे बटण आणि घड्याळ, एवढेच असते. सँडविच बिघडते ते आदल्या रात्री, जमिनीवरच्या किचनमध्ये, आणि तेही बहुतेक वेळा पाव निवडतानाच. हा पदार्थ सुधारता येतो आणि त्याला फारसा खर्च येत नाही, म्हणून हे पत्र.

विमानात काही शिजत नाही, फक्त गरम होते. पहाटे सहाच्या विमानाचा नाश्ता आदल्या संध्याकाळी किंवा रात्री तयार होतो. ऑम्लेट, चिकन किंवा पनीरचे सारण आतून 75 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवतात आणि लगेच ब्लास्ट चिलरमध्ये, म्हणजे झपाट्याने गार करणाऱ्या कपाटात, घालून 5 अंशांच्या खाली आणतात. 60 ते 5 अंश या पट्ट्यात जिवाणू वाढतात, त्यामुळे तिथे पदार्थ रेंगाळता कामा नये. मग थंड खोलीत सँडविच बांधले जाते, फॉइलमध्ये जाते, रात्रभर थंड राहते आणि कोरड्या बर्फाच्या संगतीत ट्रॉलीतून विमानात चढते. वर गेल्यावर ओव्हनमध्ये 15 ते 20 मिनिटे. पोट बिघडू नये म्हणून ही साखळी चोख आहे. पावाच्या मात्र ती मुळावर येते.

पाव शिळा होतो म्हणजे सुकतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी. भाजताना फुगून मऊ झालेला पावातला स्टार्च थंड होता होता पुन्हा घट्ट बांधला जातो आणि ही क्रिया सगळ्यात जोरात चालते ती फ्रीजच्या तापमानाला. पडताळून पाहायचे असेल तर एकाच लादीचे दोन पाव हवाबंद पिशव्यांत घालून एक ओट्यावर आणि एक फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. पाणी दोघांतलेही गेलेले नसते, तरी सकाळी फ्रीजमधला कडक लागतो आणि त्याचा चुरा होतो. तो 60 अंशांच्या वर तापवला की पुन्हा मऊ होतो, पण ही मेहेरबानी दहा-पंधरा मिनिटांचीच. गार झाला की पहिल्यापेक्षा वातड, कारण तापताना थोडे पाणीही उडून गेलेले असते. तिसऱ्या रांगेतला प्रवासी ‘बरे होते’ म्हणतो आणि अठ्ठाविसाव्या रांगेतला ‘चामडे’ म्हणतो. दोघेही खरेच सांगत असतात.

आता फॉइल उघडून पाहू. झाकणाच्या आतल्या अंगाला पाण्याचे बारीक थेंब दिसतील. ती सारणातून निघालेली वाफ. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती फॉइलला लागून गार होते आणि पाणी होऊन खाली उतरते. वरची स्लाइस थोडी भिजते, खालची पूर्ण भिजते, कारण ती फॉइलच्या सपाट तळाला चिकटून बसलेली असते. उचलायला जावे तर निम्मी फॉइललाच चिकटून मागे राहते. फॉइल उघडे टाकून तापवले तर ओव्हनच्या पंख्याची गरम हवा कडा वाळवून टाकते. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मधला गाभा गार राहण्याचे कारण आणखी साधे आहे. पावात हवेचे पोकळ कप्पे असतात, म्हणून तो उष्णतेला आडवा येतो, आपल्या गोधडीसारखा. 3 सेंटीमीटर जाडीचे बटाट्याचे सारण दोन जाड स्लाइसमध्ये असेल तर पावाच्या कडा करपतील, पण मध्यावर प्रोब (तापमान मोजणारी सळई) खुपसला तर आकडा तिशीतच सापडेल.

वेळेचेही गणित आहे. पुणे-दिल्ली प्रवास दोन तासांच्या आसपासचा. उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची मिळून पाऊण तास तरी पट्टे बांधून बसण्यात जातो. उरलेल्या वेळात 180 प्रवाशांना वाढायचे, उष्टे गोळा करायचे, चहा द्यायचा. विमानाच्या एका ओव्हनमध्ये साधारण तीस डबे मावतात. सगळ्यांचे एकदम तापत नाही, आणि पहिली खेप निघून दुसरी आत जाईपर्यंत दार उघडे राहिल्याने आतली उष्णताही जाते. क्रूने चार मिनिटे आधी बाहेर काढले तर गाभा गार, चार मिनिटे जास्त ठेवले तर कडा लाकूड.

चवीचा मामला वेगळाच. केबिनमधला हवेचा दाब साधारण 6 ते 8 हजार फुटांवरच्या डोंगरासारखा ठेवलेला असतो. 8 हजार फूट म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास 800 मीटर वर. तिथे पाणी 92 अंशांनाच उकळते (विमानातला चहा पांचट लागतो त्याचे एक कारण हेच). हवा इतकी कोरडी, की नाक सुकते आणि वास कमी येतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सा या विमान कंपनीसाठी विमानाच्या सांगाड्यात दाब उतरवून चाचण्या केल्या तेव्हा मीठ 20 ते 30 टक्के आणि साखर 15 ते 20 टक्के कमी जाणवते असे दिसले. कॉर्नेल विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात विमानात असतो तशा 85 डेसिबलच्या आवाजात गोडी दबली आणि उमामी, म्हणजे टोमॅटो, चीज, मशरूम यांतली भरीव चव, उलट वाढली. तेव्हा अळणी वाटणाऱ्या सारणात मीठ ओतत बसण्यापेक्षा परतून आटवलेला टोमॅटो, भाजलेले जिरे, आले-लसूण घालणे शहाणपणाचे.

मग करायचे काय? साध्या चौकोनी सँडविच ब्रेडचा नाद सोडावा. तेल किंवा लोणी असलेला, बारीक जाळीचा, बसका पाव घ्यावा: फोकाचिया (इटालियन चपटा पाव), मफिनच्या जातीचा चपटा पाव, किंवा दूध-लोणी घातलेला बन. स्निग्धांशामुळे तो सावकाश शिळा होतो. कडक सालीचे पाव टाळावेत, वाफेत त्यांची साल रबर होते. पाव सारणाच्या बाजूने आधी तव्यावर कोरडा भाजून पूर्ण गार करावा, मग त्या बाजूला कडेपर्यंत लोणी लावावे, स्लाइसला 6 ते 8 ग्रॅम. हा थर सारणातले पाणी पावात उतरू देत नाही. आपले सँडविचवाले लोणी लावताना कडा कोरड्या ठेवतात तिथूनच पाणी शिरते. सारण 60 ग्रॅमपर्यंत आणि दीड सेंटीमीटरपेक्षा जाड नको. कडेला थोडे जास्त आणि मध्ये कमी ठेवले तर गाभा लवकर तापतो. काकडी आणि कच्चा टोमॅटो आत घालूच नयेत, पाणी सोडतात.

ऑम्लेट दुसऱ्यांदा तापले की आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. दोन अंड्यांना चहाचा एक चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या दुधात कालवून घातले तर ते पाणी धरून राहते. फार वेळ तापवल्यास उकडलेल्या बलकाभोवती येते तशी हिरवट झाकही येते, आणि प्रवासी घाबरतो. ती लोह आणि गंधक यांची जोडी असते, विषबाधा नव्हे. चीज प्रोसेस्डच बरे. नुसते चेडर दोनदा तापले की तेल सोडते आणि मोझरेला गार झाला की च्युइंगगम होतो.

हिरव्या चटणीबद्दल वेगळे लिहावेच लागेल, कारण पुणेकराला ती आत हवीच असते. कोथिंबिरीचा हिरवा रंग लिंबाच्या आंबटात तापला की खाकी होतो, चव शिळी लागते आणि तोच आंबटपणा फॉइलच्या ॲल्युमिनियमलाही खातो. चटणी गार, छोट्या पुडीत बाजूला द्यावी. टोस्ट सँडविचच्या गाडीवर जमते ते इथे का जमत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. तिथे लोखंडी साच्यातून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात, मध्ये दोन मिनिटे जातात. इथे मध्ये आठ-नऊ तास असतात.

बांधणीत दोन बदल पुरेसे आहेत. सँडविचखाली नालीदार कागदाचा तुकडा, म्हणजे तळ सुटा राहील. आणि फॉइलच्या झाकणाला पेन्सिलच्या टोकाएवढी चार-पाच भोके, म्हणजे वाफ जाईल पण पाव वाळणार नाही.

प्रवाशांनीही एवढे करावे. डबा हातात पडला की झाकण लगेच पूर्ण उघडा, अर्धा मिनिट वाफ जाऊ द्या, वरची स्लाइस उचलून बाजूला ठेवा आणि मग खा. आधी चहाची वाट पाहू नका, पाव तेवढा थांबत नाही. अंडे, चिकन किंवा पनीरचे सँडविच मध्यावर कोमट लागले तर परत द्या. फ्रीजइतके गार एक वेळ चालेल, कोमट नको. ‘तेच जरा अजून गरम करून आणा’ हा आग्रहही धरू नका. एकदा तापवलेला डबा पुन्हा तापवायचा नाही, हा नियम तुमच्याच पोटासाठी आहे. क्रू नकार देतो तो आळसाने नव्हे.

कंपन्यांकडे मागणी एकच. डब्यावर 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक आणि हिरवे-तपकिरी चिन्ह छापता, त्याच लेबलवर सँडविच बांधल्याची तारीख आणि वेळही ठळक छापा. आणि वरचे बदल जमणार नसतील तर सकाळच्या विमानात सँडविचऐवजी उपमा किंवा इडली द्या. दोन्हींत मुळातच भरपूर पाणी असते, फॉइलमधली वाफ त्यांना सोसते.

आपले,
खानपान प्रशिक्षण क्षेत्रातील दोन शिक्षक,
औंध, पुणे