शेजारी चार कुटुंबं आली तर एवढं काय बिघडतं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या उपनगरांवरचा लेख वाचला. छान बंगले, पुढे हिरवळ, शांत गल्ल्या, आणि आता सरकार तिथे चार-चार बिऱ्हाडं आणून सगळ्याची वाट लावतंय असा एकंदर सूर होता. मी बावीस वर्षं कॅलिफोर्नियात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, अशाच एका गल्लीत राहतेय, त्यामुळे वाचून गप्प बसवेना.

आधी कायदा काय आहे ते सांगते, कारण निम्मी भांडणं तो न वाचताच चाललीयेत. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये एसबी ९ (सिनेट बिल ९) या राज्याच्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. आधी आमच्यासारख्या एरियात एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर आणि फार तर मागच्या अंगणात एखादं छोटं घर एवढंच चालायचं, आता प्लॉटचे दोन भाग करून प्रत्येकावर दोन अशी चार घरं बांधता येतात. टॉवर वगैरे काही नाही. आणि बिल्डर येऊन गल्लीच्या गल्ली गिळतील म्हणतात तर प्लॉटची विभागणी करायची असेल तर मालकाला लिहून द्यावं लागतं की पुढची तीन वर्षं मी इथेच राहणार आहे. शिवाय ही घरं चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने देता येत नाहीत. खरं सांगायचं तर इतकी वर्षं झाली तरी या कायद्याखाली फारच थोडी घरं झालीयेत, आणि तरीही विरोध एवढा.

आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर बाईंनी मागची जागा वेगळी करून दोन छोटी घरं बांधायचं ठरवलं, एक मुलीसाठी आणि एक भाड्याने. लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. त्यांचं काम थांबवता येत नाही कारण नियमात बसलं की परवानगी द्यावीच लागते, म्हणून मग सिटी कौन्सिलने नियम जितके आवळता येतील तितके आवळावेत असा अर्ज फिरायला लागला. तो घेऊन आमच्याकडे आले ते आपलेच एक मराठी गृहस्थ, दरवर्षी गणपतीला आमच्याकडे आरतीला असतात. चहा घेता घेता म्हणाले, "अहो वहिनी, उद्या अपार्टमेंटवाले लोक येतील इथे." मला ते फार लागलं. मी डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये पाच माणसांत वाढले, इथे आल्यावर पहिली सात वर्षं आम्ही अपार्टमेंटमध्येच होतो, तेही होते, आमच्या खालच्याच मजल्यावर!! मी सही केली नाही.

माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना बघायला एक बाई यायची ट्रेसीहून, म्हणजे आल्टामाँटचा घाट ओलांडून. कामाची वेळ आठची, पण घरून पाचच्या आत निघायची कारण उशीर झाला की ५८० नंबरच्या हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकायची. सुरुवातीला रोज पहाटे घरासमोर एक गाडी उभी दिसायची, मला वाटलं कुणाकडे पाहुणे आलेत. एक दिवस दूध आणायला बाहेर पडले तर ही सीट मागे टाकून, अंगावर जाकीट घेऊन झोपलेली, काचा आतून धुक्याने भरलेल्या. त्या दिवसापासून साडेसहाला दार उघडं ठेवायला लागले. आमच्या आईंना भरवणारी, न्हाऊमाखू घालणारी बाई आमच्या गावात राहू शकत नव्हती, कारण इथे बंगल्याखेरीज काही बांधूच द्यायचं नाही असा नियम आम्हीच धरून बसलोय.

आणि हा नियम आला कुठून तेही आपल्या लोकांनी वाचावं. १९१६ साली आमच्या बे एरियातल्याच बर्कली शहरात एल्मवुड भागात फक्त एका कुटुंबाच्या घरांचा झोन ठरवला गेला, देशातला अशा प्रकारचा पहिला म्हणून तो ओळखला जातो. बोलायला मालमत्तेची किंमत, मनात मात्र काळे आणि चिनी लोक शेजारी नकोत हे होतं. त्याच सुमारास, १९१५ मध्ये, कला बगई नावाची बाई नवरा आणि तीन मुलांना घेऊन पेशावरहून इथे आली. त्यांनी बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. मुलांची काळजी वाटून ते तिथूनच परत फिरले. आज बर्कलीत कला बगई यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्याच बर्कलीने २०२५ मध्ये टेकड्यांचा भाग सोडून बाकी वस्त्यांमध्ये छोट्या इमारतींना परवानगी दिली. मग शंभर वर्षांनी आपण भारतीयांनीच दुसऱ्यांच्या दाराला कुलूप लावायला अर्ज घेऊन फिरायचं??

पार्किंगची अडचण होईल, हे मी मान्य करते. जुनी झाडं जातील याचं मलाही वाईट वाटतं, त्यासाठी नियम कडक करा, मी सही करते. पण शाळांमध्ये गर्दी होईल हे पटत नाही. ज्या क्युपर्टिनोच्या शाळांसाठी आपले लोक जीव टाकतात तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेने, २०२२ मध्ये प्राथमिक शाळा बंद केल्या, का तर मुलंच नाहीत. लहान मुलं असलेल्या जोडप्यांना तिथे घर परवडत नाही, मुलं येणार कुठून.

पुढच्या मंगळवारी कौन्सिलची मीटिंग आहे, प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला मिळतात. मी नाव दिलंय. ज्या बाईंचा प्लॉट आहे त्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांना घेऊन जाणार आहे. इथली बरीच मराठी मंडळी तुमचा पेपर ऑनलाइन वाचतात म्हणून हे पत्र मीटिंगच्या आधी छापलंत तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, बे एरिया, कॅलिफोर्निया