आई, बाबा, एक गोष्ट सांगायची राहिलीय

प्रिय आई, बाबा,

फोनवर तीनदा विषय काढायला गेले आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलत बसले, म्हणून टाईप करतेय. मी नोकरी सोडली. राजीनामा जुलैतच दिला होता, नोटीस पिरियड संपून आता तीन आठवडे झाले, आणि चिऊला पाळणाघरातून काढलंय. आधी विचारलं नाही कारण विचारलं असतं तर आई दुसऱ्याच दिवशी कोयना एक्सप्रेसमधे बसली असती, आणि आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुझे गुडघे.

पाळणाघरात काही वाईट झालं म्हणून नाही काढलं हं. लहान मुलं एकत्र आली की वर्षात आठ-दहा वेळा सर्दीताप होतोच, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण जुलैत तिच्या तोंडात, तळहातांवर, तळपायांवर फोड आले ना, त्या हँड फूट माऊथला तसं औषध नसतं, ताप उतरवायचा आणि थंड काहीतरी पाजत राहायचं. पाणी गिळताना ती माझ्याकडे बघायची ते अजून डोळ्यांसमोर आहे. नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसने चार दिवस यायचंच असं केलं. हिंजवडीहून घरी पोचायला साडेसात, ती झोपणार साडेआठला. दिवसातला एक तास मिळायचा मला तिचा, तोही दमलेला.

बाबा, हिशोब दहादा केलाय. हप्ता एका पगारात बसतो, पाळणाघर आणि कॅबचे पैसे वाचतात, गाडी दोन वर्षं पुढे ढकलली. तुम्ही पीएफ काढून माझी फी भरलीत ते मी एक दिवस विसरलेली नाही. ती शाळेत जायला लागली की मी परत नोकरी बघणार आहे, शिक्षण वाया घालवणार नाही, खरंच.

मला वाटलं होतं घरी राहायला मिळालं की ती खूश होईल. पण पहिला आठवडा रोज नऊला बॅग पाठीला लावून, चपला उलट्या घालून दारात उभी, आणि "ताई?" असं विचारायची. तिथे स्वतःच्या हाताने वरणभात खाणारी पोरगी घरी भरवल्याशिवाय तोंड उघडेना. दुपारी झोप नाही, मग संध्याकाळी रडारड, आणि मी बाथरूममधे जाऊन रडायचे. शेवटी तिथल्या ताईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, अहो तिला गादीची सवयच नाही, सगळे ओळीत चटईवर झोपतात, दिवा बंद, पंखा मोठा, आणि पाठीवर थोपटायचं. चटई टाकली, दहा मिनिटांत झोपली! मग दिवसच त्यांच्यासारखा लावला, दहाला खाली बागेत, बाराला जेवण, जेवणाआधी मेथी निवडायला माझ्या शेजारी बसते, निम्मी पानं जमिनीवर पण बसते. मोबाईल अर्धा तासच, तुमचा व्हिडिओ कॉल त्यात धरत नाही.

आई, एक सांगू? तू सकाळच्या एसटीने शाळेला जायचीस तेव्हा मागच्या दाराने निघायचीस, मी रडू नये म्हणून. मला ते कळायचं गं. मी पुढच्या खोलीतून तुझ्या चपलांचा आवाज ऐकत बसायचे आणि मग आजी गुळाचा खडा द्यायची. आता मी घरी बसले म्हणजे तू चुकलीस असा अर्थ मुळीच काढू नकोस. तुला तीनच महिन्यांची रजा होती, मला तर सव्वीस आठवडे मिळाली आणि तरी निघताना पाय उचलत नव्हता. तू कसा उचललास ते मला आत्ता समजतंय. तुझ्या पगारामुळेच मी इथवर आले.

आता कामाचं. तुमचा मेडिक्लेम माझ्या ऑफिसचा होता, तो नोकरीबरोबर संपणार होता, म्हणून त्याच कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत बदलून घेतलाय, त्यामुळे शुगरसाठीची वेटिंग, म्हणजे क्लेम मिळायच्या आधी थांबायचा काळ, पहिल्यापासून सुरू होत नाही. काळजी करू नका, प्रीमियम भरलाय. शिवाय बाबा तुम्ही एकाहत्तरचे, सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड घेऊन या आठवड्यातच करून या. उद्या जातो, उद्या जातो करू नका. घाटावर फिरायला जाताना, शुगर एकदम उतरली तर म्हणून, खिशात साखरेची पुडी ठेवा. आणि आई, पाण्याची कळशी तू उचलायची नाहीस, बाईंना सांग, त्यांचे पन्नास रुपये वाढव, मी पाठवते.

तुला येऊ नको म्हणतेय ते राग धरू नकोस. तुझ्याशिवाय जमतंय असं नाही, रोज दहा गोष्टी विचाराव्या वाटतात. पण दिवाळीला आम्हीच येतोय, चांगले पंधरा दिवस, जावयांना सुट्टी नाही मिळाली तर आम्ही दोघी पुढे येऊ. चिऊसाठी ती माझी जुनी चटई माळ्यावरून काढून उन्हात टाकून ठेव. बाबांना काढू दे, तू स्टुलावर चढू नकोस.

हे वाचून झालं की फोन कर. फक्त दीड ते तीनमधे नको, झोपलेली असते.

तुमची,
बेबी