राइडजवळ उभ्या असलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या सहली सुरू होतात आणि प्रतापगड, रायगडाच्या जोडीला एखादे मनोरंजन उद्यान किंवा वॉटर पार्क आता बहुतेक सहलींत असतेच. अशाच एका मोठ्या उद्यानात मी सहा वर्षे राइड ऑपरेटर म्हणून काम केले आणि दोन वर्षांपूर्वी ते सोडून कोरेगावला परतलो. शिक्षक आणि पालक तिकिटाचा दर, जेवणाची सोय, मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, हे सगळे आवर्जून विचारतात. राइडच्या बटणाजवळचा माणूस किती तासांपासून उभा आहे, हे सहा वर्षांत मला कोणीही विचारले नाही. म्हणून हे पत्र.

उद्यानाचे दार दहाला उघडायचे, पण आमचा दिवस सातला सुरू होई. देखभाल विभागाची माणसे त्याआधीच रुळाच्या कडेने चढून नटबोल्ट, चाके, साखळी आणि ब्रेक पाहून आलेली असत. त्यांची सही झाल्यावर आम्ही प्रत्येक आसनाचा दांडा हाताने ओढून बघायचो, रिकामी गाडी काही फेऱ्या फिरवायचो, आणीबाणीचे लाल बटण दाबून ती खरोखर थांबते का ते तपासायचो आणि मग तक्त्यावर आमची सही व्हायची. रोलर कोस्टरचा रूळ टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो. पुढचा टप्पा मोकळा असल्याचा संकेत मिळाल्याशिवाय मागची गाडी त्यात सोडली जात नाही; रेल्वेच्या सिग्नलचेच हे तत्त्व आहे. एखाद्या संकेतात जरा शंका आली तरी सगळे जागच्या जागी थांबते. रांगेतले लोक अशा वेळी ‘बंद पडली, पैसे परत द्या’ म्हणून ओरडतात, पण त्या क्षणी यंत्रणा तिचे काम चोख करत असते.

यंत्राची एवढी काळजी घेतली जाते आणि ती घेतलीच पाहिजे. माझे म्हणणे त्या यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाविषयी आहे.

एका डिसेंबरात माण तालुक्यातील एका शाळेची सहल आली होती. उंचीच्या पट्टीपाशी तिसरी-चौथीतली एक मुलगी टाचा उचलून उभी राहिली आणि तरीही तिचे डोके 120 सेंटिमीटरच्या रेघेला टेकले नाही. माझे बोलणे ऐकून तिच्या गुरुजींनी विचारले, ‘‘तुम्ही सातारकडचेच का? मग दोन बोटांसाठी काय अडवताय पोरीला? सोडा की.’’ मांडीवर बसणारा दांडा मोठ्या माणसाच्या मापाने घडवलेला असतो, लहान अंगाभोवती फट राहते आणि वळणावर शरीर त्या फटीतून सरकू शकते, हे मी त्यांना समजावून सांगितले. गुरुजींना पटले, मुलगी मात्र रडत गेली. असे प्रसंग दिवसातून वीस-पंचवीस वेळा येत आणि दर वेळी तितक्याच शांतपणे ‘नाही’ म्हणावे लागे. सकाळी अकराला ते जमते. आठ तास उभे राहिल्यानंतर, पोटऱ्या ताठल्या असताना आणि समोर संतापलेले वडील असताना ते किती अवघड होते, हे त्या जागी उभ्या राहिलेल्यालाच ठाऊक.

माझ्या हातून घडलेली चूकही येथे सांगणे मला आवश्यक वाटते. मे महिन्यातला रविवार होता. एक सहकारी आजारी असल्याने माझी पाळी बदलायला कोणी नव्हते आणि सकाळपासून मी जेवणाची वीस मिनिटे सोडली तर खाली बसलो नव्हतो. ती राइड जुन्या बांधणीची होती. दांडा अडकला की नाही हे हातानेच पाहावे लागे. चार वाजताच्या सुमारास मी एका ओळीसमोरून नुसताच चालत गेलो, दांड्याला हात लावला नाही आणि टोकाला पोहोचून अंगठा वर केला. दोघांनी बटण दाबल्याशिवाय राइड सुटत नसे. पलीकडच्या सहकाऱ्याने त्याचे बटण दाबले नाही. त्याने फक्त त्या ओळीकडे बोट दाखवले. मी परत जाऊन दांडा ओढला तेव्हा तो पूर्ण अडकलेला नव्हता. आत दोन भावंडे होती. त्यांना काहीही कळले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आळशी नव्हतो, कामात नवखाही नव्हतो. माझे डोळे उघडे होते आणि मला दिसत नव्हते.

पाण्यापाशी तर हे आणखी गंभीर आहे. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तो मुकाट्याने खाली जातो. म्हणून जीवरक्षकांना शिकवतात की आपल्या वाट्याचे पाणी दहा सेकंदांत नजरेखालून घालायचे आणि कोणी संकटात दिसले तर पुढच्या वीस सेकंदांत तेथे पोहोचायचे. उन्हात, पाण्याच्या चकाकीत ही नजर तासन्‌तास टिकत नाही, त्यामुळे जीवरक्षकांच्या जागा थोड्याथोड्या वेळाने बदलाव्या लागतात. त्यासाठी पुरेशी माणसे लागतात आणि गर्दीच्या दिवशी नेमकी तीच कमी पडतात. कार्टूनचा जाड वेश चढवून मुलांशी हात मिळवणाऱ्या पोरांचेही तसेच. वेश काढल्यावर घामाने निथळत भिंतीला टेकून बसलेला मुलगा मी रोज पाहिला आहे आणि तोच मुलगा पुन्हा वेश चढवून बाहेर जाताना नाचत गेलेलाही पाहिला आहे.

उभे राहून काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, ही काही नवी मागणी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 44 ने कारखान्यातील कामगाराला ती सोय दिली होती. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांसाठी केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये आपापल्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला. मनोरंजन उद्यानांना परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना यंत्राच्या तपासणीबरोबरच प्रत्येक राइडजवळ खुर्ची व सावली आहे का, पाळी बदलायला माणूस आहे का आणि त्याची नोंद ठेवली जाते का, हेही शासनाने तपासावे. राइड थांबवल्याबद्दल किंवा एखाद्याला बसू न दिल्याबद्दल कर्मचाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, हेही लेखी असावे.

आपल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आणि पालीच्या खंडोबाच्या यात्रेत आकाशपाळणे लागतात. तेथील माणसे दिवसा पाळणा उभारतात, मध्यरात्रीपर्यंत तो चालवतात आणि बऱ्याचदा त्याच्याच खाली झोपतात. यात्रेत पाळण्यांना जागा आणि परवानगी देणाऱ्यांनी ‘चालवायला किती जण आहेत आणि ते झोपतात कधी?’ एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

शाळांनाही माझी एक विनंती आहे. सहलीचे आरक्षण करताना जेवणाच्या चौकशीबरोबर राइडवरच्या कर्मचाऱ्यांची पाळी किती तासांची असते, तेही विचारावे. दहा शाळांनी विचारले तर उद्यानाला उत्तर तयार ठेवावे लागेल. यंदाही आमच्या तालुक्यातील काही मुले हंगामी कामासाठी अशा उद्यानांत निघाली आहेत; त्यातला एक माझा पुतण्या आहे. सहलींच्या बसगाड्या सुटण्याआधी संबंधितांनी यात लक्ष घालावे.

कळावे,
आपला,
एक माजी राइड ऑपरेटर,
कोरेगाव, जि. सातारा