टेप आहे, ड्राइव्ह कुठे आहे? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान आणि सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कायम जतन करावयाच्या डिजिटल अभिलेखांची एक प्रत मॅग्नेटिक टेपवर, ऑफलाइन आणि इमारतीबाहेर ठेवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

विषयाची ओळ मुद्दाम सरकारी ठेवली आहे, म्हणजे पत्र कोणत्या टेबलावर पाठवायचं यात आठवडा जाऊ नये. आपल्याला लिहिण्याचं कारणही सोपं आहे. राज्याची डेटा सेंटरं माहिती तंत्रज्ञानाच्या अखत्यारीत येतात आणि पुराभिलेख संचालनालय सांस्कृतिक कार्याच्या. ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे असण्याचा योग आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले मोडी कागद पिढ्यान् पिढ्या सांभाळणारी माणसं एका खात्यात आणि सर्व्हर चालवणारी दुसऱ्या. माझा विषय या दोघांच्या मधल्या पोकळीत पडून आहे.

मी एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये टेप ऑपरेटर म्हणून नोकरी केली. रात्रपाळी, ड्राइव्हमधून, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्रातून, कार्ट्रिज (टेपची डबी) काढायचं, बारकोड तपासायचा, नोंदवहीत सही करायची आणि सकाळी पेटी दुसऱ्या इमारतीच्या तिजोरीत रवाना करायची. या कामाला कुणी विचारत नाही, आणि विचारायची वेळ येते तेव्हा सगळेच एकदम विचारायला येतात.

26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू होतं, त्यात ती भडकली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याचशा पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. ‘जी-ड्राइव्ह’ मात्र गेला तो गेलाच. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली जिथे ठेवायच्या, तीच ही जागा. 858 टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर एकही प्रत नव्हती. कारण असं सांगण्यात आलं, की साठा फार मोठा होता, त्याचा बॅकअप घेणं जमण्यासारखं नव्हतं.

जगातल्या सर्वांत पुढारलेल्या डिजिटल सरकारांपैकी एकाचं हे उत्तर. माझ्यासारख्याचा हात ते वाचून आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. एलटीओ ही डेटा साठवायच्या टेपची एक जात. तिच्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-9 च्या, एका कार्ट्रिजमध्ये 18 टेराबाइट मावतात. 858 ला 18 ने भागा: 48 कार्ट्रिज. एक कार्ट्रिज साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड असतं. म्हणजे त्या कर्मचाऱ्यांची सगळी कागदपत्रं एसटीच्या रॅकवर मावेल अशा बॅगेत बसली असती. ड्राइव्ह पूर्ण वेगात चालला तर सेकंदाला 400 मेगाबाइट लिहितो, म्हणून एक कार्ट्रिज भरायला साडेबारा तास लागतात. चार ड्राइव्ह असते तर सात दिवसांच्या आत पहिली प्रत तयार. प्रत्यक्षात इतकं सरळ जात नाही हे मान्य. बारीक बारीक फायली असल्या की सर्व्हर माहिती पुरेशा वेगाने पुरवत नाही. मग ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा पुढे जातो, आणि हे रात्रभर चालतं. आठवड्याचा महिना धरा, हवं तर दोन महिने धरा. तरी ‘जमण्यासारखं नव्हतं’ हे उत्तर होत नाही.

आपल्याकडे 21 जून 2012 विसरणं कुणालाच शक्य नाही. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. माणसं दगावली आणि असंख्य फायलींची राख झाली. त्यानंतर स्कॅनिंगला जोर आला, ई-ऑफिस आलं, सातबारा डिजिटल सहीने मिळू लागला. हे सगळं योग्यच झालं. पण कागद जळायला आगीला तिथवर यावं लागतं. सर्व्हरवरची माहिती हजारो मैलांवर बसलेला माणूस एका रात्रीत निकामी करू शकतो. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय जवळपास दोन आठवडे कागद-पेनावर आलं होतं. माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे असे हल्लेखोर आत शिरल्यावर आधी बॅकअप शोधतात, कारण तो मोडल्याशिवाय खंडणी मिळत नाही. नेटवर्कला जोडलेला बॅकअप त्यांना सापडतो. कपाटातल्या कार्ट्रिजला वायरच नसते.

यावर आपले अधिकारी म्हणतील, ‘साहेब, आपलं सगळं क्लाऊडवर आहे, तीन ठिकाणी प्रती आहेत.’ तीन प्रती असतीलही. पण चुकून एक पुसली की त्याच क्षणी उरलेल्या दोन पुसल्या जात असतील, तर ती एकच प्रत झाली. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे काही जीमेल खाती अचानक रिकामी झाली. गूगलकडे डिस्कची काय कमी? अनेक डेटा सेंटरांत प्रती होत्या, चूक त्या सगळ्यांपर्यंत पोचली. शेवटी पत्रं परत आली ती टेपवरून. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात तर खुद्द बॅकअपच्या प्रोग्रॅमनेच महासंगणकावरचा 77 टेराबाइट डेटा पुसून टाकला.

इथवर वाचून कुणी लगेच टेपच्या खरेदीचा प्रस्ताव पुढे करेल, म्हणून घाईने सांगतो: नुसती खरेदी झाली तर हे पत्र वाया गेलं.

आपल्या कार्यालयांत अभिलेखांचं वर्गीकरण असतं. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-1’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. कोणत्याही जुन्या अभिलेखपालाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. पद्धत उत्तम आहे आणि कागदाला चपखल बसते, कारण ‘अ’ वर्गातला कागद नीट ठेवला की शंभर वर्षांनी उघडून वाचता येतो, मधे कुणी काही करावं लागत नाही. टेपचंही आयुष्य कंपन्या तीस वर्षं सांगतात, म्हणजे ‘ब’ वर्गापुरतं. गोम पुढे आहे. टेप तीस वर्षं टिकली, तरी ती वाचणारा ड्राइव्ह तीस वर्षं मिळत नाही.

एलटीओची पहिली पिढी 2000 साली आली, तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये 100 गीगाबाइट मावत. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचे. आठव्या आणि नवव्या पिढीचे एकच मागची वाचतात. 2025 मध्ये बाजारात आलेला दहावा ड्राइव्ह मागची एकही वाचत नाही. आज एलटीओ-9 वर लिहून कपाटात ठेवलेला फेरफार 2045 मध्ये वाचायचा, तर त्या वेळी चालू स्थितीतला जुना ड्राइव्ह, त्याला जोडता येणारा संगणक आणि ते सॉफ्टवेअर हे तिन्ही शोधावं लागेल.

हे काल्पनिक नाही. 1966-67 मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राचे फोटो पाठवले, ते मोठमोठ्या टेपवर साठवले गेले. टेप राहिल्या, त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची फ्रिजएवढी यंत्रं दुर्मीळ झाली. नासातल्या एका अभिलेखपाल बाईंनी ती यंत्रं कित्येक वर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली, म्हणून पुढे 2008 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या जागेत काही खटपट्या मंडळींनी ती दुरुस्त करून फोटो परत मिळवले. चांद्रमोहिमेचं हे काम एका बाईंच्या गॅरेजवर अवलंबून राहिलं. आपल्या जिल्हा कार्यालयातला अभिलेखपाल ड्राइव्ह घरी नेईल ही अपेक्षा ठेवता येणार नाही, आणि त्याने नेला तर त्याच्यावर विभागीय चौकशी लागेल.

आपल्याकडे काय होतं तेही पाहिलं आहे. निवृत्तीनंतर एका कार्यालयाने सल्ल्यासाठी बोलावलं होतं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं भली होती. गोदरेजच्या कपाटात तीन खण भरून टेप. खालच्या खणात काडेपेटीहून थोड्या मोठ्या डॅट कॅसेट, वर एलटीओ. प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख आणि ‘फुल बॅकअप ओके’. काहींच्या झाकणाच्या फटीत पावसाळ्याची पांढरी बुरशी. ड्राइव्ह विचारला, तर तो जुन्या सर्व्हरसोबत निर्लेखनात, म्हणजे निरुपयोगी ठरवून भंगारात, निघाला होता, भंगारवाल्याची पावतीही फायलीला व्यवस्थित लावलेली. टेप जड वस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) होत्या म्हणून राहिल्या. त्या ‘ओके’ आहेत हे कुणी ठरवलं, असं विचारल्यावर उत्तर आलं की सॉफ्टवेअर तसा रिपोर्ट द्यायचं. लिहिलेलं एकदाही परत वाचून पाहिलेलं नव्हतं.

तेव्हा मागणी अशी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 पासून आहे. त्याखाली नियम करून ‘अ’ आणि ‘ब’ वर्गातल्या डिजिटल अभिलेखांना एक अट घाला: टेपवरची प्रत दरवर्षी वाचून पाहायची आणि ड्राइव्हची पिढी बदलण्याआधी पुढच्या टेपवर उतरवायची. हा आवर्ती खर्च आहे. तो यंत्रसामग्रीच्या एकवेळच्या खरेदीत धरला, की दुसऱ्या वर्षीच तरतूद शून्य होते. वाचून पाहणं म्हणजे कपाट उघडून टेप मोजणं नव्हे. कोणतीही काही कार्ट्रिज चिठ्ठी टाकून निवडावीत, वेगळ्याच संगणकावर उतरवावीत, मूळ फायलींशी चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा आकडा) जुळवावा आणि त्याचा रीतसर पंचनामा करावा. पंचनामा कसा करतात हे आपल्या प्रशासनाला शिकवावं लागत नाही.

प्रत्येक तहसीलला ड्राइव्ह देऊ नका. एकेक ड्राइव्ह काही लाखांचा असतो, त्याला स्वच्छ, थंड खोली आणि वापरणारा माणूस लागतो. तहसीलमध्ये तो टेबलाखाली धूळ खात पडेल. पुराभिलेख संचालनालयाची कार्यालयं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेतच. त्यांतल्या दोन ठिकाणी टेप-कक्ष करा. मुंबईत करू नका. टेप दीर्घकाळ ठेवायला 16 ते 25 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता लागते, आणि जुलैतली मुंबई आपल्याला माहीत आहे. शिवाय मूळ माहिती मुंबईत आणि प्रतही मुंबईत, याला काही अर्थ नाही.

निविदेबद्दल दोन गोष्टी, कारण पैसा तिथे जातो. कंपन्या एलटीओ-9 कार्ट्रिजवर 45 टेराबाइट छापतात. तो आकडा माहिती अडीचपट दाबली जाईल असं धरून काढलेला असतो. स्कॅन केलेले सातबारे आणि पीडीएफ आधीच दाबलेले असतात, ते पुन्हा दबत नाहीत. म्हणून निविदेत 18 च धरायला सांगा, नाहीतर कक्ष पहिल्याच वर्षी अपुरा पडेल. दुसरी गोष्ट, विक्रेते रोबोटिक टेप लायब्ररी सुचवतील. दिसायला फार छान, यांत्रिक हात आपोआप कार्ट्रिज उचलतो. पण त्या हाताला हुकूम नेटवर्कवरूनच जातो, म्हणजे आत घुसलेल्यालाही तो हुकूम सोडता येतो. लायब्ररी घ्या, मात्र भरलेलं कार्ट्रिज माणसाने बाहेर काढायचं, त्याच्या कडेची लाल खिटी सरकवून लिहिणं बंद करायचं आणि पेटीत घालून दुसऱ्या गावी पाठवायचं, हे कामकाजाच्या आदेशात लिहून ठेवा.

आणखी एक. टेपवरची माहिती सांकेतिक (एन्क्रिप्ट) करून ठेवता येते आणि नागरिकांच्या नोंदी आहेत म्हणून ती तशीच ठेवावी. पण त्या सांकेतिक किल्लीचं काय? ती ज्या सर्व्हरवर आहे तोच जळाला, तर टेप म्हणजे एक किलोमीटर लांबीची निरुपयोगी पट्टी. किल्लीची मोहोरबंद प्रत कोषागाराच्या सुरक्षा कक्षात ठेवा. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तिथे राहतात, ही किल्लीही राहील.

टेप हा सगळ्यावरचा उपाय नाही. शेतकऱ्याला चावडीवर सातबारा काढून द्यायला ती कामाची नाही, हवी ती फाइल सापडायलाच मिनिटभर पट्टी गुंडाळावी लागते. कोऱ्या टेप बनवणाऱ्या कंपन्याही जगात दोनच उरल्यात, दोन्ही जपानी, आणि 2019 मध्ये त्यांच्या पेटंटच्या भांडणात एलटीओ-8 च्या टेप बाजारातून जवळपास गायब झाल्या होत्या. म्हणून थोडा साठा हाताशी लागतो.

या पत्राला ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असं उत्तर येईल याची कल्पना आहे. त्याऐवजी आपल्या डेटा सेंटरकडून एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर मागवून ते संकेतस्थळावर टाकावं: राज्याच्या भूमी अभिलेखांची ऑफलाइन प्रत शेवटची कोणत्या तारखेला परत वाचून पाहिली, आणि त्या वेळी कोण कोण हजर होतं?

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त टेप ऑपरेटर, पुणे